पाण्यातला दगड

डिसेंबरात टॅलिनला दुपारी चारलाच काळोख पडतो.
आमच्या तळघरात तर काळोखच लागतो,
इतका बारीक उजेड
दुसऱ्या कशात दिसणार?

जेलीफिशकडून उसनं आणलेलं एक हिरवं प्रथिन
आम्ही जिवाणूंच्या पोटात ठेवलंय.
कॅल्शियम आत शिरलं की ते उजळतं,
बाहेर गेलं की मंदावतं.
एवढाच त्याचा धर्म.

जिवाणूला कॅल्शियम घरात खपत नाही.
बाहेर दहा हजार, तर आत एक.
आलेल्याचं बखोट धरून त्याला बाहेर काढणारे पंप
भिंतीत रात्रंदिवस उभे.
हे वैर नव्हे, असं लेम्बित म्हणतो;
घर शांत असल्याशिवाय
टकटक ऐकू येत नाही.

अकरा आठवडे टकटक नव्हती.
काचेवर जिवाणू, वर अगारची पातळ वडी,
बोटाच्या टोकानं दाबायचं
आणि वाट बघायची.
दोन मायक्रॉनच्या काड्या. अंधारात अंधार.
वहीत मी लिहायचे: काही नाही.
पुढे पुढे नुसती आडवी रेघ.

मग एका गुरुवारी त्या लुकलुकल्या.
एक इथे. एक पार कोपऱ्यात. मग ती पहिलीच पुन्हा.
कुणाचा कुणाशी मेळ नाही;
लास्नामेच्या उंच इमारतींतल्या खिडक्याच जणू,
जो तो आपापल्या वेळी घरी येतो
आणि दिवा लावतो.

लेम्बितला फोन केला.
तो म्हणाला, आधी चूक शोध.

चूक विर्वेच्या सिंकपाशी सापडली.
सदतीस वर्षं इथली काचभांडी धुणारी विर्वे.
शुद्ध पाण्याचं यंत्र बुधवारी बंद पडलं,
तिनं बाटली सरळ नळाखाली धरली.
"पाणी ते पाणी," म्हणाली,
आणि मी आवाज चढवला तेव्हा
मुकाट्यानं तिच्या किटलीचं झाकण उघडून दाखवलं:
आत पांढरा, खरखरीत थर.
शनिवारी व्हिनेगरनं काढावा,
बुधवारी पुन्हा हजर.

हे शहरच चुनखडीवर बसलंय.
कोट चुनखडीचा, जिने चुनखडीचे,
माझ्या वडिलांच्या नावाखालचा दगडही.
पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता,
कवचांवर कवचं साचली, त्यांचा दगड झाला.
पाऊस तो थोडा थोडा विरघळवतो,
विहीर पिते, नळ ओततो,
आणि तो सगळा समुद्र
एका काडीएवढ्या दाराशी येऊन
दाबाची वाट बघत थांबतो.

खात्री करणं भाग होतं.
खेकडा नांगीत पकडतो तसं
कॅल्शियमला पकडून ठेवणारं एक रसायन असतं,
त्याचा थेंब सोडला.
खिडक्या एकेक करून गेल्या.
चोख पुरावा. आनंद व्हायला हवा होता.
झालाही.
तरी खोलीतला दिवा लावायला
मी बराच वेळ उठले नाही.

त्या काय म्हणतात, ते अजून कुणाला ठाऊक नाही.
कुणीतरी दाबलं, एवढं त्यांना कळलं असावं.
"असावं" हा शब्द लेम्बित शोधनिबंधातून खोडेल;
इथे राहू दे.

यंत्र सोमवारी दुरुस्त झालं.
आता मी कॅल्शियम तोलून घालते, वहीत आकडा लिहिते.
माफी मागायची राहिली होती,
म्हणून संध्याकाळी विर्वेला खाली बोलावलं.
तिनं हात एप्रनला पुसले, चष्मा कपाळावर सरकवला,
भिंगाला डोळा लावला.
मी वडीवर बोट टेकवलं.

एक हिरवी. दुसरी.
मग बऱ्याच.

किती तरी वेळ ती काही बोलली नाही.
मग डोळा न हलवता,
हळूच म्हणाली,
"एवढं जोरात दाबू नकोस गं."