पावत्या

या घराच्या दारावर नंबर नाही.
टपाल दुसऱ्याच पत्त्यावर येतं, तिथून ग्रिसेल्दा आणते,
कोटाच्या आत, छातीशी धरून.
पुंता अरेनासमध्ये वारा हातातलं काहीही नेतो:
टोप्या, कागद, एकदा तर शेजारच्या गोदामाचं छप्पर.
चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मीही धरलेत. हाताला मीठ लागतं.

ओतिलिया चिलोए बेटावरची.
आली ती एका पिशवीत मुलाचे बूट आणि इस्त्री घेऊन.
इस्त्री का, ते विचारायचं नसतं.
आम्हाला न विचारण्याचाच पगार मिळतो, थोडा, आणि तोही उशिरा.
का राहिलीस इतकी वर्षं, हे नाही विचारायचं.
परत जाशील का, हेही नाही.
विचारायचं: चहात साखर किती,
मुलाला कशाची अ‍ॅलर्जी,
त्याला तुझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे का.

तिसऱ्या दिवशी ती पाव आणायला गेली.
परतली तशी माझ्या टेबलावर पावती ठेवली,
बोटाने दाबून सरळ केली, वेळ दिसेल अशी.
दहा चाळीस. दुकान ते घर सात मिनिटं.
आणि उभी राहिली.
मला कळेना कशासाठी.
मग कळलं, आणि मी उगाच स्टेपलर शोधू लागले.

म्हटलं, इथे नाही लागत गं हे.
"हो," म्हणाली.
दुसऱ्या दिवशी दुधाची पावती. मग साबणाची.
मग खोकल्याच्या औषधाची, पावसात भिजून शाई पसरलेली,
त्यावर पेनने पुन्हा लिहिलेली वेळ.

मला त्या फेकवेनात. खालच्या खणात ठेवत गेले,
हीटरच्या वॉरंटी कार्डाखाली.
ग्रिसेल्दा म्हणाली, तू जपतेस म्हणून ती देते.
मला इथे सोळा वर्षं झाली, ग्रिसेल्दाला चार महिने.
बहुधा तिचंच बरोबर असतं.

डिसेंबर. रात्री दहालाही उजेड हलत नाही.
ओतिलिया चारला गेली होती, अंडी आणायला.
सहा वाजले.
मुलगा जेवणघरात ट्रक फिरवत होता, आवाज न करता,
चाकं फरशीपासून केसभर वर उचलून.
साडेसहा. मी पडदा दोनदा सरकवला.
रजिस्टरमधलं तिचं पान काढून ठेवलं.
तिच्या नवऱ्याच्या गाडीचा नंबर मला पाठ आहे;
बहिणीचा वाढदिवस दरवर्षी चुकतो.

सातला दार वाजलं.
केस विस्कटलेले, गाल लाल,
हातात अंडी नाहीत, पावती नाही, काहीच नाही.
आणि माझ्या तोंडात तयार होऊन बसला होता
तो प्रश्न, तसाच्या तसा, त्याच्याच आवाजात:
कुठे होतीस इतका वेळ?

गिळला.
गरम बटाटा गिळावा तसा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
म्हटलं, वारा फार आहे का?

"भयंकर," ती म्हणाली. "किनाऱ्यावर तर उभंच राहवत नाही."
कोट काढला, खुंटीला अडकवला,
मुलाला म्हणाली, अंडी विसरले बघ,
नुसता पाव खाऊ.
ट्रक फरशीवर टेकला. खडखडला.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: परतली, सात वाजता.
मग वेळ खोडली.
मग पुन्हा लिहिली. नियम आहे.