शेवटची आठ पानं

गावचं वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडतं.
पंखा एक, ट्यूबलाइट दीड,
आणि नोंदवहीला सुतळीनं बांधलेल्या पेनासारखी मी.

पंचफुला ताजणे, निवृत्त नर्सबाई,
दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेल्या.
पुस्तक पुढं केलं:
"खुनी कुठी गेला वं?"

कादंबरीतली मास्तरीण सुट्टीला परदेशी गेलेली,
समुद्राकाठच्या हॉटेलात, जिथं रोज सकाळी
पाव, लोणी आणि एक नवा संशय वाढतात.
एक पाहुणा मेला. चांदीचा डबा हरवला.
पान दोनशे आठवर तिनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं,
घसा खाकरला,
आणि पुढं नुसता पुठ्ठा.

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं.
"फाडलं नाही. पट्टी लावून पात्यानं कापलं.
पोट्ट्याचं काम नोहे."
मग पान नव्वदचा वास घेतला.
"जिरं. तूप.
हा मानूस सयपाक करता करता वाचे."

नोंदवहीत बाईंच्या आधी तीनच नावं.
कोतवालाची सून चाळिसाव्या पानाची घडी घालून तिथंच झोपलेली.
गुरुजींच्या घरी जिऱ्याला बंदी, पित्त.
उरले उकंडराव दुपारे,
पाटबंधारेच्या विश्रामगृहावरचे खानसामा,
आता लेकीकडं, मुलताईला.

"म्हंजे राज्याबाहेर," बाई म्हणाल्या.
"चाल, मीबी परदेशी जाऊन येतो."

वरूडहून सकाळची गाडी.
पिशवीत चार संत्री, प्लास्टिकमध्ये पुस्तक,
आधार कार्ड, कोणी अडवलं तर दाखवायला.
कोणी अडवलं नाही.
हद्दीची पाटी गेली, पलीकडं तशाच बागा,
खोडांना तसाच डिंक.
फक्त दुकानावरचा 'किराणा' तिथं 'किराना' झाला.
"असंच तं बोलतो आपन,"
त्या शेजारणीला म्हणाल्या, जरा हिरमुसून.

उकंडराव नाकारायच्या भानगडीत पडले नाहीत.
"कापली मी. चुलीत घातली.
त्याच्यात शेवटी खानसामाच चोर निघते.
तुमीच सांगा बाई, हे काय शोधनं झालं?
सत्त्याऐंशी साली बंगल्यावरचा एक चमचा हरवला.
साहेबानं माह्या बायकोच्या लुगड्याच्या घड्या उकलल्या.
चमचा भेटला नाही.
मीच भेटलो."

बाईंनी विचारलं, महिना कोणता.
"हगवनीची साथ होती नाही का तवा.
बंगल्यावर दवाखान्याचा कॅम्प होता,
तुमच्यासारख्याच बाया होत्या दोन-तीन."

बाईंनी चहाची बशी खाली ठेवली.
पुढचा प्रश्न विचारला नाही.

बाकीचं मला फार नंतर कळलं.
रात्री घरी पोचल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही,
साखरेचा डबा उघडला.
दांड्यावर दोन अक्षरं ठोकलेली: पा. वि.
सासऱ्यांचं नाव पांडुरंग विठोबा,
म्हणून इतकी वर्षं त्या चमच्यावर
कुणाची नजरच अडली नाही.
मग आठवलं. उकळलेलं पाणी, चिमूटभर मीठ,
आठ चमचे साखर, कुणाचं तरी निपचित लेकरू,
आणि घाईत पिशवीत टाकलेलं काहीतरी,
उद्या परत देऊ म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात आल्या.
मी म्हटलं, सापडला?
"सापडला."
कोण?
त्यांनी ट्यूबलाइटकडं पाहिलं, जी अर्धीच लागते.
"मुलताईची गाडी सहाची चुकली
तं दुसरी कितीची हाय वं?"
हातात रुमालाची लांबट पुरचुंडी होती,
घट्ट धरलेली.

मी त्यांना वेळापत्रक काढून दिलं.
मग नोंदवही ओढली, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पान २०९ ते २१६, वाळवी.

पुस्तक परत कपाटात आहे.
कुणी नेतं, चिडून आणून देतं, विचारतं, खुनी कोण.
खानसामा नाही, एवढंच मी सांगते.