अस्तर

रविवारी सकाळी मेसमधली टेबलं भिंतीला लागायची
आणि पोह्यांच्या वासातच सुरू व्हायचा आमचा विकास.
विश्वस्तांनी ठरवलेलं: बारा रविवार,
फी माफ, हजेरी सक्तीची.

निनाद सर यायचे कर्वेनगरहून, पांढऱ्या स्कूटरवर.
खांदे मागे. हनुवटी वर.
हात असा द्या, मेलेल्या माशासारखा नको.
आम्ही जोड्या लावून हात मिळवायचो,
काल रात्री एका ताटात जेवलेले,
जणू आज पहिल्यांदाच भेटतोय.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
औशाचा अंगद म्हणाला, खिडकीपाशी.
आम्ही हसलो.
तो विनोद नव्हता.
त्याची कॉट संडासाच्या भिंतीला होती.

मग बिभीषण उठला.
सर म्हणाले, नाव जरा जड आहे,
कंपनीत हलकं लागतं. बिभी? विभू?
बिभ्यानं विचार केला.
"सर, गेवराईत चालतंय की.
आमच्या गल्लीतच तिघं हायेत."
सरही हसले. माणूस वाईट नव्हता.
वहीत मात्र लिहिलं त्यांनी: विभू.

सर जे शिकवत नव्हते
ते सतरा नंबरच्या खोलीत, दारामागे, खिळ्याला होतं.
एक निळा ब्लेझर.
कुणी घेतला ठाऊक नाही,
जुन्या बाजारातून की लक्ष्मी रोडवरून, यावर दोन मतं.
नऊ बॅचेस मुलाखतीला तोच.
उंचाला आखूड, बुटक्याला डगला,
खिशात एक डांबरगोळी
आणि कुणाचं तरी राहून गेलेलं बसचं तिकीट.
आत अस्तरावर बॉलपेनानं नावं,
ज्यांना नोकरी लागली फक्त त्यांचीच.
हा नियम कुणी केला, तेही ठाऊक नाही.
पण नियम.

सातव्या आठवड्यात बिभ्याला हिंजवडीहून बोलावणं आलं.
इलियासनं इस्त्री केली, बूट खालच्या मजल्यावरून आले,
मी घड्याळ दिलं, बंद पडलेलं, पण दिसायला बरं.
टायची गाठ मोबाइलमध्ये उलटी दिसायची,
म्हणून अंगदनं ती आधी स्वतःच्या गळ्यात बांधली
आणि काढून त्याच्या गळ्यात घातली,
हार घालावा तशी.
मनपापर्यंत चौघं सोडायला गेलो.

संध्याकाळी आला. बाह्या झटकून
ब्लेझर खिळ्याला लावला.
जेवताना, आमटीकडे बघत म्हणाला,
"नाव इचारलं. विभू म्हणालो.
मग त्यांनी कागद बघितला.
म्हणले, मग हा बिभीषण कोण?
मला सांगताच येईना."

रात्री दीडला अंगदनं दिवा लावला,
ब्लेझर उलटा करून कॉटवर पसरला,
पेन पुढं केलं.
भांडण झालं.
इलियास म्हणाला, असं कुणाचंही लिहायचं
तर मग अर्थ काय राहिला?
त्याचंही खरं होतं. तो दोनदा जाऊन आला होता,
त्याचं नाव आत नव्हतं.

अस्तरावर पेन चालत नाही.
शाई पसरते, कापड गोळा होतं,
दोन्हीकडून ताणून धरावं लागतं.
एक कड मी धरली.
दुसरी थोडा वेळ तशीच लोंबत राहिली,
मग इलियासनं धरली, तोंड फिरवून.

बिभीषण ज्ञानोबा तांदळे.
एवढं लांब, की काखेच्या शिवणीपर्यंत गेलं
आणि शेवटचा ळे खिशावर चढला.

आठव्या रविवारी विषय होता देहबोली.
सरांनी हजेरी घेतली. विभू?
कुणी बोललं नाही.
पंखा फिरत होता, आत कुणीतरी भांडी लावत होतं.
विभू तांदळे?
सरांनी वहीवरून वर पाहिलं, थांबले,
आणि ते जड नाव घेतलं,
अडखळत,
एकही जोडाक्षर नसताना.

हजर, बिभ्या म्हणाला.
खांदे पुढेच होते त्याचे.