हातचा

पाकिटाचं सील फोडायला दोन साक्षीदार लागतात.
एक मुख्याध्यापक. दुसरी खिचडी शिजवणारी कमळाबाई,
तिनं ओल्या हातानं सही केली
आणि तुर्भ्याच्या खाणीलगतच्या शाळेत
तिसरीचं गणित मोजायला मी मोकळी झाले.

सूचना पाच पानी.
प्रश्न वाचायचा, समजावायचा नाही.
गोल पूर्ण काळा हवा. अर्धा काळा म्हणजे कोरा.

प्रश्न सातवा: लिफ्ट अकराव्या मजल्यावर आहे.
चार मजले खाली आली, तर कितव्या?
मल्लेशनं गजांतून सानपाड्याचे टॉवर पाहिले,
बोटानं उतरत आला,
अकरावाही धरून चार, आणि आठवर थांबला.
लिफ्टमध्ये कधी बसलास का, हे विचारायचं नव्हतं.

‘सत्तावन्न’ ऐकून ललितम्मानं लिहिलं पंच्याहत्तर.
सात आधी ऐकू आला, आधी लिहिला.
तेही चूकच धरलं.

रफ कागद आलाच नव्हता.
म्हणून अठ्ठावीस आणि पस्तीस मिळवताना
रेणुकानं हातचा एक मनगटावर लिहिला, शाईनं, ठसठशीत.
त्रेसष्ट, ओठांत पुटपुटली. बरोबर.
गोल मात्र खालच्या ओळीतला भरला.

आदल्या आठवड्यात नेरुळला
एसीच्या वर्गात सगळे गोल वेळेआधी काळे झालेले,
एका मुलानं विचारलं, अजून एक पेपर आहे का?
त्याआधी मुरबाडच्या पाड्यावर
पटावर सत्तावीस, समोर अकरा.
बाकीचे भिवंडीकडे, वीटभट्टीवर, आईबापांच्या मागे
हजाराच्या हिशेबात.
गैरहजरांची सरासरी काढत नाहीत.

कागद गोळा झाल्यावर मल्लेशला सहज विचारलं,
डंपरमध्ये खडी किती मावते रे?
‘दोन ब्रास. फळी लावली तर अडीच.’
जरा थांबून म्हणाला,
‘पावतीवर दोनच लिवतात, मॅडम.’

नकाशा आला मार्चमध्ये.
तालुक्यांना रंग दिलेले, गडद, मध्यम, फिका.
खाण, टॉवर, पाम बीचचा रस्ता
एकाच हिरव्यात बसले होते
कारण महापालिका एक.
मी भिंग घेतलं नाही, पण जवळ जाऊन पाहिलं.

त्या दुपारी नळाला पाणी नव्हतं.
रेणुका तशीच पंगतीला बसली,
मनगटावरचा एक अजून तिथेच.

कमळाबाईनं विचारलं, पास झाली का पोरं?
म्हटलं, यात पास-नापास नसतं.
मग कशाला मोजता?
मला उत्तर सापडेना. सूचनांत नव्हतं.
ती उद्याचे तांदूळ काढत होती,
वाटीवर वाटी, ओठांत आकडा धरून.
पट एकेचाळीस. वाट्या पंचेचाळीस झाल्या.
मी म्हटलं, चार जास्त पडल्या.
ती म्हणाली, नाही पडल्या.
धाकटी भावंडं येतात ना दाराशी,
त्यांचं नाव अजून कुठंच नाही.