सदतीस सेकंद

वरुडच्या अलीकडे, फाट्यावरून आत,
जिथं पूर्वी संत्र्यांना मेण लावायचे
त्या टिनाच्या शेडात आता आम्ही थर्माकोल विरघळवतो.
संत्र्याच्या सालींचं तेल ड्रमात भरलेलं.
त्यात टीव्हीच्या खोक्यातले कोपरे, लग्नातल्या ताटल्या,
कुणाच्या तरी गणपतीचं मखर, खांबांवरच्या चमकीसकट.
टाकलं की चुरचुरतं, बसतं,
पोतंभराचा तांब्याभर होतो.
“हवाच होती आत,” पंचफुलाबाई म्हणते,
“हवेचंच भाडं देत होतो टेंपोले.”

माझं काम लहान.
बुडाला भोक असलेला पितळी पेला.
रस भरायचा, भोकावरचं बोट काढायचं,
धार तुटेपर्यंत मोजायचं.
वहीत तारीख, तापमान, सेकंद.
सदतीसला गाळणी चालते.
पन्नासला कुरकुरते.
सत्तरला कापड फुगतं, आणि प्रफुल्लभाऊ
पंप बंद करून अमरावतीला फोन लावतात.

शेकडा दहा टाकलं तर तेलच वाहतंय असं वाटतं.
पंधराला जरा जड.
विसाच्या पुढचं मला कॉलेजात शिकवलं होतं:
फळ्यावर एक रेघ, आडवी चालता चालता
अचानक उभी राहिलेली.
परीक्षेत मी ती पट्टीनं काढली
आणि दोन मार्क घालवले.
इथं ती मनगटाला कळली, ढवळताना.
लांबच लांब साखळ्या,
एकेकट्या होत्या तोवर एकमेकींना वाट देत होत्या,
आता हिची शेपटी तिच्या वेढ्यात,
आठ दिवस न विंचरलेल्या केसांत
फणी अडावी तसा वल्हा अडतो.

पंचफुलाबाई घड्याळ बघत नाही.
मेळघाटात सालईचा, धावड्याचा डिंक वेचलेली बोटं,
ती दोन बोटांत थेंब घेते, उघडते, मिटते.
“दोन तारी झाला, बाई. तेल सोड.”
पेला म्हणाला, अठ्ठेचाळीस.
मी तेल सोडलं.

जानेवारीत बेनोड्याच्या शीतगृहाचा माल आला.
छपराचं टिन उडालेलं, त्याखालचे तक्ते
कितीतरी उन्हाळे उघडेच पडलेले,
हळदीचं बोट पुसावं तसे पिवळे.
वजन तेवढंच. तेल तेवढंच. तापमान तेवढंच.
तेवीस सेकंद.
पुन्हा केलं. चोवीस.
पंचफुलाबाईच्या बोटांत तारच धरेना.
“याच्यात मालच कमी हाय.”
मी तराजू पुसून पुन्हा तोललं,
काटा जागचा हलला नाही.

प्रफुल्लभाऊ खूश. गाळणीतून सरसर गेला.
स्पिरिटात ओतला, पांढरा गोळा वर आला,
दाबून चकती केली, वाळवली,
आणि ती ज्वारीच्या खारोडीसारखी
त्यांच्या बोटांत मोडली.

रात्री वही चाळताना लक्षात आलं.
ऊन साखळीचं वजन घेत नाही.
मधूनमधून कातरतं फक्त,
तुकडे तिथंच राहतात, शेजारी शेजारी,
पण एकमेकांत गुंतण्याइतकी लांबी कुणापाशी उरत नाही.
शेरा लिहायच्या रकान्यात
मी बराच वेळ विचार करून लिहिलं: ऊन.
सकाळी पंचफुलाबाईला वाचून दाखवलं.
ती मोडक्या चकतीकडे बघत म्हणाली,
“झाडाले लई टोचलं ना, तं डिंक येते. पण पाणचट येते.”
आणि पोती उचलायला गेली.

घरी आई म्हणते, मृगाची फळं अजून हिरवी,
मग तुझ्या हाताला वास कुठला?
भाकरीलाही लागतो तो, जात नाही.

आज पुन्हा लग्नाच्या ताटल्या.
बाहेर गारठा, रस घट्ट,
गरम पाणी फिरेपर्यंत थांबले, मग पेला भरला.
एकतीस, बत्तीस.
धार बारीक झाली, दोऱ्याएवढी, केसाएवढी,
खाली थेंब गेला तरी वरून लोंबतेच आहे,
तुटली म्हणावी तर उजेडात चमकते.
पुस्तकात लिहिलंय, धार तुटली की घड्याळ दाबा.
माझं बोट बटणावर.
पंचफुलाबाई पोतं ठेवून शेजारी येऊन वाकली आहे.
“थांब,” ती म्हणते. “हाय अजून.”