मान हलव

दोनदा नापास झाले.
पहिल्यांदा हँडब्रेक काढायचा राहिला,
गाडी हंबरली, जागची हलली नाही.
दुसऱ्यांदा सगळं नीट, तरी साहेबांची फुली:
आरसा पाहिला नाही.
पाहिला होता हो. देवाशपथ पाहिला होता.

कायतान हसला. रासईचा तो,
रोज फेरीतून येतो शिकवायला, खिशात बडीशेप.
म्हणाला, मान हालय गे बाय.
तुवें दोळ्यांनी पळयिल्लें ताका दिसना.

आता ह्याला काय सांगू.
अर्धा जन्म गेला माझा
मान न हलवता बघायला शिकण्यात.
जत्रेत खाजं मांडून बसले की
डोळे तराजूवर, आणि कडेकडेनं
कोण टोपलीत हात घालतो,
मागची उधारी ठेवून कोण पलीकडच्या रांगेनं जातो,
कोण पिऊन कनातीच्या दोरीपाशी उभा आहे कधीचा,
सगळं दिसतं. दिसल्याचं कुणाला दिसत नाही.
आणि पहाटे तीनला परतताना
दुसऱ्याच्या टेंपोत, रिकाम्या टोपल्यांमध्ये,
तेव्हाही असंच.
आता सरकार म्हणतं,
बघताना दिसलं पाहिजेस.

फेरी पलीकडे गेली की दुर्भाटच्या धक्क्यावर सराव.
चढावर गाडी उभी, पाठ जुवारीकडे.
क्लच इतकाच सोडायचा
की बॉनेट श्वास घेतल्यागत जरासं वर येईल.
तिथंच थांब. ऐक. आता ब्रेक.
वीतभर जरी मागे घरंगळली
की माझ्या तोंडून, माफ करा.
कोणाची माफी मागतेस, कायतान विचारी, मासळीची?
गाडीला माफी कळत नाही.
क्लच कळतो.

आज फोंड्याच्या मैदानावर
माझ्या आधी एक पोरगा, कानात बाळी,
एका हातानं स्टिअरिंग, जणू मिरामारला हवा खायला निघालाय.
रिव्हर्सला दोन बांबू आडवे.
त्याच्या आधीची मास्तरीण
साहेबांच्या पेन्सिलीकडे बघत बघत
सरळ डांबराच्या पिंपावर.

रत्नप्रभा दुर्भाटकर!

सीट पुढे ओढली. पट्टा लावला.
साहेबांचा पट्टा लागेपर्यंत चावीला हात नाही.
मधल्या आरशात माझीच टिकली दिसली,
म्हणजे आरसा चुकीचा.
वळवला.
टिकली गेली, मागचा रस्ता आला.

डावीकडे मान. उजवीकडे मान. खांद्यावरून मागे,
हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत.
मैदानाच्या कुंपणापाशी एक गाय आणि कायतान,
दोघेही चघळत.
एवढं उघड मी लग्नातसुद्धा कुणाकडे पाहिलं नव्हतं.

चढावर गाडी बंद पडली.
पडायचीच होती.
जिभेवर आलेली माफी गिळली, कडू लागली.
ब्रेक दाबूनच. न्यूट्रल. चावी. पहिला.
बॉनेटनं श्वास घेतला,
आणि टोपल्यांनी भरल्यासारखी गाडी
हळू, जड, पण वरच्याच दिशेनं.

वर पोचल्यावर हँडब्रेक ओढला, मग पाय काढला.
साहेब कागदावर काही लिहू लागले,
तळहाताचा आडोसा करून.

मी समोर, काचेबाहेर, सरळ बघत राहिले.
काय लिहिलं ते वाचलं.
मान न हलवता.