साठ्याची वही

घणसोली, तिसरा मजला, चारशे दहा चौरस फूट.
त्यात मी एक अख्खं गाव कोंबायला निघाले होते.

पलंगाखाली निळे ड्रम दोन, पन्नास-पन्नास लिटरचे,
वर खडूने तारीख.
दर पंधरवड्याला उपसायचे, त्या पाण्याने लादी पुसायची,
पुन्हा भरायचे.
माळ्यावर भुशाची शेगडी, रंगाच्या रिकाम्या डब्याची.
भुसा रबाळ्याच्या खोके बनवणाऱ्याकडून, फुकट.
मधे बाटली उभी धरून ठोकून ठोकून भरायचा,
मग बाटली फिरवत काढायची, श्वास रोखून.
भोक ढासळलं तर पहिल्यापासून.
मी अकरा वेळा ढासळवलं.

दिगंबर म्हणायचा, कुठलं युद्ध येतंय गं?
मुली मैत्रिणींना सांगायच्या, आईचं दुकान आहे.
मी वहीत लिहायचे:
तूर पाच किलो, एरंडेल चोळून.
मीठ तीन. काडेपेट्या बारा, मेणात बुडवून.
जवळा एक डबा, बारकूबाई मढवीकडून.
तिनेच शिकवलं, हातात घेतला की कडकड वाजला पाहिजे,
नाहीतर तुझ्या डब्यात दर्या सडेल.
माझी वही बघून ती हसली होती,
"मीठ हाय ना घरान? मंग कनाला भितंस?"

फेब्रुवारीतला मंगळवार.
आधी वीज गेली, मग कळलं, मोठी पाइपलाइन फुटलीय.
लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. सुदैवाने रिकामी.
संध्याकाळी सगळ्यांचे फोन मेले
आणि जिना बोलायला लागला.

शंभर लिटर. चार माणसं. माणशी तीन.
आठ दिवस. वहीत होतंच.

पहिली टकटक झाली तेव्हा
मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि गप्प उभी राहिले.
तीनशे दोनची फिरदौस, कडेवर पाच महिन्यांचा,
हातात दुधाची बाटली, कोरडी.
किती वेळ, माहीत नाही.
तिने परत वाजवलं नाही.
ती वळली, तेव्हा मी कडी काढली.
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

मग चारशे एकची महाप्यात नोकरी करणारी तीन पोरं,
ज्यांना पाणी फक्त जारमधून माहीत.
मग बिराजदार काका, इन्सुलिन रुमालात गुंडाळून.
मोठ्या माठात छोटा माठ, मधे ओली वाळू,
आत त्यांच्या बाटल्या, वर ओलं फडकं.
काका दर तासाला येऊन हात लावून जात,
पाळण्यातलं मूल बघावं तसे.

रात्री मेणबत्तीवर मोजलं, एकोणीस डोकी.
भागाकार केला. पावणेदोन दिवस.
दिगंबर वही बघून काही बोलला नाही.
ते त्याचं बोलणं फार मोठं होतं.

बुधवारी ड्रमच्या तळाशी तांब्या घासायला लागला
तेव्हा बारकूबाईने आम्हाला गावठाणात नेलं.
देवळामागे, मोटारसायकलींच्या मागे,
लोखंडी जाळीखाली विहीर.
इतकी वर्षं मी तिथे स्कूटर लावत होते.
व्हिडिओ बघून शिकलेली गाठ मी ऐटीत मारली.
बादली गेली, गाठ सुटली, बुडबुडे आले.
बारकूबाईने दुसरा दोर घेतला,
बोलली नाही, फक्त हळू बांधून दाखवला.
लुगड्याची आठ पदरी घडी, त्यातून गाळलं,
गच्चीवर शेगडी रात्रभर.
महाप्याची पोरं भुसा ठोकायला शिकली.
ढासळवला त्यांनीही. मी मोजलं नाही.

शुक्रवारी पहाटे नळाने खोकून लाल पाणी काढलं.
सगळे आपापल्या दाराआड गेले, आवाज न करता,
लग्न आटोपल्यावर जातात तसे.

एक कळशी परत आली नाही.
महिन्याने कपडे वाळत घालताना दिसली,
चारशे एकच्या खिडकीत,
बुडाला भोक पाडलेलं, आत पुदिना.

मागितली नाही.
वहीत लिहिलं:
कळशी एक, तांब्याची. उसनी.
खाली जागा सोडलीय.
विहिरीतल्या बादलीचं अजून लिहायचंय.